हात धुण्याची जागा आणि रुग्णालयातील जंतू

रुग्णालयात पाऊल ठेवताच भिंतीवरची एक सूचना आपले लक्ष वेधून घेते : ‘हात स्वच्छ धुवा.’ ह्या सूचनेखाली बहुधा एक पांढरे बेसिन, एक नळ आणि साबणाची एक बाटली असते. रोग पसरू नये म्हणून माणसाने योजिलेल्या उपायांत ह्याहून साधा आणि ह्याहून गुणकारी असा दुसरा उपाय क्वचितच सापडेल. परंतु गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांच्या असे ध्यानात आले आहे की, जी जागा जंतू घालविण्यासाठी बांधली, तीच काही वेळा जंतूंचे घर बनते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे. तो कसा घडतो, कोठे घडला आणि त्यावर उपाय कोणता, हे ह्या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे वाचून कोणी हात धुण्याचे सोडील, तर तो मोठा अनर्थ होईल. हात धुणे हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो हात धुण्याची जागा कशी असावी आणि ती कशी वापरावी, एवढाच.

व्हिएन्ना येथील धडा

१८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ झेमेलवाइस नावाचे एक तरुण डॉक्टर प्रसूतिविभागात काम करीत होते. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एका विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असे. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत. त्यांच्या हातांबरोबर मृतदेहातील काही विषारी द्रव्य येत असावे, असा झेमेलवाइस ह्यांनी तर्क केला. त्यांनी विभागाच्या दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचे भांडे ठेवविले आणि त्यात हात धुतल्यावाचून कोणीही आत जाऊ नये, असा दंडक घातला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १८ च्या वर होते. जूनमध्ये ते शेकडा २ च्या आसपास उतरले.

त्या काळी जंतूंचे शास्त्र जन्मालाही आले नव्हते. म्हणून झेमेलवाइस ह्यांचे म्हणणे पुष्कळांना पटले नाही, आणि १८६५ साली ते उपेक्षित स्थितीतच वारले. पुढे पाश्चर, लिस्टर, कॉख ह्यांच्या कार्याने त्यांचे म्हणणे खरे ठरले, आणि रुग्णालयांतून जागोजागी नळ व बेसिने बसविण्यात आली.

येथे एक बारीकसा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. झेमेलवाइस ह्यांच्या भांड्यात जंतुनाशक द्रव्य होते. त्या भांड्यात जंतू तगणे कठीण. आजच्या बेसिनमध्ये साधे पाणी असते आणि ते एका नळीतून गटारात जाते. दोघांचा हेतू एकच. परंतु रचना निराळी.

मोरी आणि बेसिन

ही रचना समजण्यासाठी आपण क्षणभर आपल्या जुन्या घराकडे वळू. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. तेथील तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील (छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला) जुन्या धाटणीच्या घरांत काय किंवा पुण्या-सातारकडील वाड्यांत काय, हात धुण्याची जागा म्हणजे मोरी. एकाने तांब्याने पाणी घालावे आणि दुसऱ्याने हात चोळावे. पाणी उतारावरून वाहत भिंतीतल्या भोकावाटे बाहेर पडे. मोरीला तिचे दोष होतेच. दुर्गंधी, डास, घुशी ह्यांना तीच वाट मोकळी असे. म्हणून मोरीचे गुणगान करण्याचे कारण नाही. परंतु सांडपाणी हाताच्या खाली वीतभर अंतरावर साचून राहत नसे, एवढे खरे.

बेसिनच्या खाली मात्र नळीला एक वळण दिलेले असते. त्यात थोडे पाणी कायमचे अडून राहते. गटारातील दुर्गंधीयुक्त वायू घरात येऊ नयेत, म्हणून ही युक्ती आहे. अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीने १७७५ साली इंग्लंडात अशा वळणाचे पेटंट घेतले होते. नळकाम करणारे कारागीर ह्या वळणाला ‘ट्रॅप’ म्हणतात. युक्ती उत्तम आहे, आणि घरात ती हवीच. परंतु जंतूंच्या दृष्टीने पाहिले तर त्या वळणातील पाणी म्हणजे एक लहानसे डबकेच होय. तेथे ओलावा आहे, अंधार आहे, आणि हातांवरून, भांड्यांवरून, अन्नातून उतरलेले खाद्यही आहे. ह्याहून अधिक जंतूंना काय हवे?

चिकट थराचे रहस्य

ओल्या पृष्ठभागावर जंतू एकेकटे राहत नाहीत. ते नळीच्या भिंतीला चिकटतात, आपल्याभोवती एक बुळबुळीत द्रव्य स्रवतात आणि त्या द्रव्यात लक्षावधींच्या संख्येने वस्ती करतात. ह्या थराला आपण ‘जीवपटल’ म्हणू. नदीच्या घाटाची पायरी जशी शेवाळाने निसरडी होते, तसाच हा प्रकार असतो. वरून ब्लीचिंगचे पाणी ओतले तरी ते घाईने वाहून जाते. थराचा वरचा पापुद्रा मरतो, आतील जंतू जिवंत राहतात आणि थोड्याच दिवसांत थर पुन्हा पूर्ववत होतो. नळी बदलली तरी पुढच्या नळीतून जंतू नव्या नळीत वस्तीला येतात.

ह्या वस्तीतील एक प्रमुख रहिवासी म्हणजे ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’. १८८२ साली कार्ल जेसार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जखमेवरच्या पट्ट्यांना चढणाऱ्या निळ्या-हिरव्या रंगाचा शोध घेताना हा जंतू वेगळा काढला. त्याच्या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘तांब्याच्या गंजाच्या रंगाचा’ असा आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकले की जी हिरवट झाक दिसते, तिची आठवण वाचकांना होईल. ह्या जंतूला फारसे अन्न लागत नाही. ओलावा मिळाला की पुरे.

निरोगी माणसाला ह्या जंतूचे भय सहसा नसते. आपली त्वचा आणि आपल्या रक्तातील रक्षक पेशी त्याला आवर घालतात. परंतु भाजलेला रोगी, अपुऱ्या दिवसांचे बालक, कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेला मनुष्य, अवयव बदललेला रोगी, ह्यांची संरक्षक भिंत आधीच ढासळलेली असते. हेच रोगी अतिदक्षता विभागात एकत्र असतात, आणि त्यांच्या खाटेपासून हाताच्या अंतरावर बेसिन असते.

टोरांटो येथील साथ

कॅनडातील टोरांटो शहराच्या एका मोठ्या रुग्णालयात डिसेंबर २००४ ते मार्च २००६ ह्या काळात अतिदक्षता व अवयवरोपण विभागांतील ३६ रोग्यांत ह्या जंतूची एकच जात आढळली. अनेक प्रतिजैविकांना ती दाद देत नव्हती. त्या रोग्यांपैकी १७ जण तीन महिन्यांच्या आत दगावले, आणि त्यांतील १२ जणांच्या मृत्यूला हा संसर्ग कारण झाला किंवा त्याने हातभार लावला, असे तपासात ठरले.

जंतू येत होता कोठून? खोल्यांची तपासणी केली तेव्हा हात धुण्याच्या बेसिनच्या निचरा-नळीत तीच जात सापडली. माणसाच्या बोटांचे ठसे जुळवितात त्याप्रमाणे जंतूंचेही जनुकीय ठसे जुळविता येतात. ते जुळले. परंतु येवढ्याने सिद्ध काय झाले? रोग्याकडून जंतू बेसिनमध्ये गेला, असेही म्हणता येईल. चोरीचा माल दोन घरांत सापडला, तर तो प्रथम कोणी कोणास दिला, हे केवळ मालावरून कळत नाही.

तेव्हा तपास करणाऱ्यांनी एक सोपी युक्ती केली. त्यांनी निचऱ्याच्या तोंडाशी एक चकाकणारे द्रव्य लावले, नळ सोडून नेहमीप्रमाणे हात धुतले, आणि मग विशिष्ट प्रकाशात सभोवार पाहिले. चकाकणारे शिंतोडे बेसिनपासून निदान १ मीटरपर्यंत उडालेले दिसले. नळाची धार जोरकस होती आणि ती नेमकी निचऱ्याच्या तोंडावर पडत होती. शेजारीच रोग्याची खाट होती, आणि औषधे तयार करण्याची जागाही होती. म्हणजे परिचारिका कर्तव्यबुद्धीने जितक्या वेळा हात धूत होती, तितक्या वेळा तिच्या नकळत नळीतील जंतू बाहेर उडत होते.

नळ्यांत जंतुनाशके ओतण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. त्यांना यश आले नाही. शेवटी बेसिनेच अशा रीतीने नव्याने बसविण्यात आली की शिंतोडे उडू नयेत. मग साथ थांबली. हाच ह्या प्रकरणातील सर्वांत भक्कम पुरावा होय. कारण दूर केल्यावर कार्य नाहीसे झाले.

वळणातून वर चढणारे जंतू

तथापि एक शंका उरतेच. वळणातील पाणी तर जाळीच्या बरेच खाली असते. तेथील जंतू वर कसे येतात?

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी ह्याचे उत्तर २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यांनी प्रयोगशाळेत पाच एकसारखी बेसिने ओळीने बसविली. जेलीफिश नावाच्या समुद्री प्राण्यात एक हिरवे चमकणारे प्रथिन असते. ते ज्यांच्यात तयार होते असे निरुपद्रवी जंतू त्यांनी वळणातील पाण्यात सोडले, म्हणजे ते कोठे जातात हे डोळ्यांना दिसावे.

प्रथम नुसते पाणी सोडून पाहिले. वळणातील जंतू थेट उडून बाहेर आले नाहीत. परंतु नळीत रोज थोडे पोषक द्रव्य घातले, तेव्हा जंतू नळीच्या भिंतीला धरून दररोज सुमारे २.५ सेंटिमीटर ह्या गतीने वर चढू लागले, आणि सातव्या दिवशी जाळीपर्यंत पोहोचले. एकदा जाळीवर त्यांची वस्ती झाली की मग मात्र नळाची धार पडताच ते चहूकडे उडाले. काही थेंब ७५ सेंटिमीटरहून थोडे अधिक अंतरावर सापडले.

ह्या प्रयोगाचा अर्थ आपल्या दृष्टीने फार मोठा आहे. वेल मांडवावर चढावी तसे जंतू नळीत चढतात. पण वेलीला खत-पाणी घालणारे आपणच असतो. बेसिनमध्ये ओतलेला उरलेला चहा, दुधाचे घोट, सलाइनच्या बाटलीतील शिल्लक, हे सारे त्या जंतूंचे अन्न होय. रोग्यासाठी घरून डबा घेऊन येणारे नातेवाईक आपल्याकडे सर्वत्र दिसतात. प्रस्तुत लेखकानेही एका रुग्णालयात आपल्या आप्ताच्या उशाशी बसून काही रात्री काढल्या आहेत. जेवण झाले की वॉर्डातील त्याच एका बेसिनमध्ये डबे विसळले जात. वरणाचे पाणी, भाताची शिते, ताक त्यात जाई, आणि थोड्या वेळाने डॉक्टर येऊन तेथेच हात धूत. लेखकानेही आपला डबा तेथेच विसळला होता. त्यात कोणाची दुष्टबुद्धी नव्हती. दुसरी जागा नव्हती, आणि हे चुकीचे आहे असे कोणी सांगितलेही नव्हते.

नळाचे तोंड

दोष नेहमी निचऱ्याचाच असतो असे नाही. डिसेंबर २०११ ते जानेवारी २०१२ ह्या काळात उत्तर आयर्लंडमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत ह्याच जंतूच्या संसर्गाने चार बालके दगावली. त्यांतील तीन बेलफास्टच्या रॉयल ज्युबिली प्रसूतिरुग्णालयात होती आणि एक लंडनडेरीजवळच्या आल्टनाजेल्विन रुग्णालयात. चौकशीत असे आढळले की, जंतूंचे घर नळाच्या तोंडात होते. पाण्याची धार सरळ व मऊ पडावी म्हणून आधुनिक नळांच्या तोंडाशी एक लहानशी जाळीदार चकती बसविलेली असते. तिच्या बारीक भोकांत थर साचला होता. बालकांचे अंग पुसण्यासाठी नळाचे पाणी वापरले जात होते. त्यानंतर अशा बालकांसाठी निर्जंतुक पाणी वापरावे आणि त्या चकत्या काढून टाकाव्यात, असा सल्ला देण्यात आला.

आपल्याकडील परिस्थिती

आपल्या देशात ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अनेक प्रतिजैविके निष्प्रभ करणारे एक द्रव्य तयार करण्याची सूचना ज्यात आहे, असे एक जनुक जंतूंच्या अंगी आढळते. भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रोग्यात ते सापडल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला नवी दिल्लीचे नाव पडले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीतील रस्त्यांवर व गल्ल्यांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत, आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत ते आढळले. जंतू दाटीवाटीने राहतात तेव्हा अशी जनुके ते एकमेकांस देतात-घेतात. जीवपटल हा त्या देवघेवीचा जणू बाजारच होय.

उन्हाळ्याचाही विचार केला पाहिजे. रायपूर, नागपूर, चंद्रपूर ह्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गच्चीवरील टाकीतले पाणी हाताला कोमट लागते. पाण्यातील क्लोरीन उष्णतेने लवकर उडून जाते, आणि कोमट पाणी जंतूंना मानवते. नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. ते टाकीपाशी नव्हे, तर नळापाशी मोजले पाहिजे.

साबणाची बाटली

हात धुण्याच्या जागेतील तिसरा घटक म्हणजे साबण. साबण म्हटला की तो शुद्धच, अशी आपली समजूत असते. ती नेहमी खरी ठरत नाही. द्रवरूप साबणाची बाटली रिकामी होत आली की तीत वरून नवा साबण ओतण्याची पद्धत आहे. तळाशी उरलेल्या जुन्या साबणात, विशेषतः त्यात पाणी मिसळले असेल तर, जंतू वाढतात. अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत अशा साबणपेट्या तपासल्या, तेव्हा त्या साऱ्या दूषित निघाल्या. त्या साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या व शिक्षकांच्या हातांवरील विशिष्ट वर्गाचे जंतू कमी न होता सुमारे २६ पटींनी वाढले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. साबण भरलेल्या बंद पिशव्यांच्या पेट्या बसविल्यानंतर, वर्षभरानेही त्यांत दूषितपणा आढळला नाही.

उपाय

वरील विवेचनावरून उपाय आपोआपच सुचतात. त्यांतील काही बांधकामाचे आहेत व काही सवयीचे.

बांधकाम करताना नळाची धार निचऱ्याच्या तोंडावर थेट पडणार नाही, अशी योजना करावी. बेसिन पुरेसे खोल असावे आणि धार बेताची असावी. खाट व औषधे तयार करण्याची जागा ही बेसिनपासून दूर असावी. ते शक्य नसेल तर मध्ये आडोसा असावा. जे नळ फारसे वापरात नसतात, त्यांतून रोज काही वेळ पाणी सोडावे, म्हणजे ते साचून राहणार नाही. नळाच्या तोंडाशी असलेल्या चकत्या रुग्णालयात शक्यतो नसाव्यात.

सवयीच्या बाबतीत मुख्य नियम एकच : हात धुण्याच्या बेसिनमध्ये हातच धुवावेत. डबे विसळणे, चूळ भरणे, उरलेले अन्न व औषधे ओतणे ह्यांसाठी वेगळी जागा असावी. हा नियम पाळावयाचा तर रुग्णालयाने नातेवाइकांसाठी डबे विसळण्याची मोरी निराळी बांधली पाहिजे. नुसती पाटी लावून भागणार नाही. साबणाची बाटली वरचेवर भरू नये. ती रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच भरावी. वडी वापरावयाची तर ती पाणी निथळेल अशा जाळीवर ठेवावी. हात सर्वांच्या एकाच ओल्या पंचाला पुसू नयेत.

अल्कोहोलयुक्त द्रवाने हात चोळणे, हा आणखी एक उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हात दिसावयास मळलेले नसतील तर असा द्रव २० ते ३० सेकंद चोळणे पुरेसे होते. साबण-पाण्याने धुण्यास एकूण ४० ते ६० सेकंद द्यावे लागतात. नेदरलंड्समधील नायमेखेन येथील रुग्णालयाने तर अतिदक्षता विभागातील खोल्यांतून बेसिनेच काढून टाकली. त्यानंतर रोग्यांत ह्या वर्गातील जंतू आढळण्याचे प्रमाण घटले, आणि जे रोगी अधिक दिवस राहिले त्यांना अधिक लाभ झाला. परंतु काही जंतूंची बीजे अल्कोहोलने मरत नाहीत, आणि मळलेल्या हातांवर त्याचा नीट परिणाम होत नाही. म्हणून बेसिन सर्वस्वी टाकून देता येत नाही. ते योग्य जागी आणि योग्य रीतीने असावे, एवढेच.

एक सोपा प्रयोग

शाळेतील मुलांना हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. बेसिनच्या कडेने व खाली जमिनीवर पांढरे कागद पसरावेत. निचऱ्याच्या जाळीवर कपड्यांची नीळ थोडी दाट कालवून लावावी. मग नळ पूर्ण सोडून अर्धा मिनिट हात धुवावेत. कागदांवर पडलेले निळे ठिपके मोजावेत आणि सर्वांत दूरच्या ठिपक्याचे अंतर पट्टीने मापावे. तोच प्रयोग नळ अर्धा सोडून पुन्हा करावा. जाळीवर नेमकी पडणारी धार आणि बाजूस पडणारी धार ह्यांतील फरकही पाहावा. मापे वहीत टिपून ठेवावीत. टोरांटोच्या तज्ज्ञांनी केला तोच हा प्रयोग. फक्त चकाकणाऱ्या द्रव्याऐवजी येथे नीळ आहे.

उपसंहार

झेमेलवाइस ह्यांनी हात धुवावयास सांगितले, तेव्हा लोकांनी विचारले, ‘आमचे हात घाणेरडे कसे असतील?’ आज तोच प्रश्न बेसिनविषयी विचारला जातो. पांढरे शुभ्र भांडे, लखलखीत नळ आणि सुवासिक साबण दिसला की तेथे घाण असेल असे मनात येत नाही. परंतु स्वच्छता डोळ्यांना दिसते तेवढीच नसते. ती जाळीच्या खालीही असावी लागते.

आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणाच्या तरी उशाशी बसण्याचा प्रसंग येतो. त्या वेळी हात अवश्य धुवावेत, वारंवार धुवावेत. मात्र हातातील डबा विसळण्यासाठी दुसरी जागा शोधावी. आणि ती नसेल तर तशी मागणी करावी. शेजारच्या खाटेवर कोण निजले आहे, आणि त्याची शक्ती किती उरली आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.